गुणाजीची भाकरीछाप गोधडी

एका गावात एक भोळा रंगारी होता. तसा प्रत्येक गावात एखादा असतोच, पण या गावानं आपला अगदी जपून ठेवला होता. त्याचं नाव गुणाजी. नाव आईबापांनी बाराव्या दिवशी ठेवलं. गुण दिसेपर्यंत थांबायची आपल्यात रीत नाही, त्याला ते बिचारे तरी काय करणार?

गुणाजीचा बाप जाजमं छापायचा. लाकडी ठसा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा, वरून मूठ हाणायची, की मोर उमटला. पंचक्रोशीत कुठंही लग्नाचा मांडव पडला की खाली जाजम त्याचंच. पुढं बाप गेला. ठसे वाळवीनं खाल्ले. उरली म्हातारी आई गोजराबाई, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणजे घरात ज्याला कळत होतं त्याला दिसत नव्हतं, आणि ज्याला दिसत होतं त्याचं पुढं येईलच.

गुणाजी आळशी नव्हता, बरं का. आळशी असता तर घर सुखी झालं असतं. तो सांगितलेलं काम करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. त्याची बायको येसू एकदा म्हणाली, "अहो, दुधावर लक्ष ठेवा, मी पाणी घेऊन येते." ती आली तेव्हा चूल विझली होती, दूध राखेत होतं, आणि गुणाजी पापणी न हलवता पातेल्याकडे पाहत बसला होता.

"शेवटचा थेंब जाईस्तोवर नजर काढली नाही," तो म्हणाला.

येसूनं राख भरायला घेतली. माणसावर रागवायचं तर आधी ते त्याला कळावं लागतं.

पहिल्या बाळंतपणाला येसू माहेरी गेली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी नेमकी अवस येत होती, म्हणून बारसं सव्वा महिन्यावर ढकललं. येसूचा भाऊ सर्जेराव साखर घेऊन आला. साखर त्यानं म्हातारीच्या हातावर ठेवली आणि निरोप गुणाजीच्या डोक्यात घालायला बसला.

"दाजी, ताईचा निरोप आहे. नीट ऐका. लेकीला बापाच्या हातची गोधडी पाहिजे. बाजारचं कापड चालायचं नाही. नक्षी बापाची, ठसा बापाचा, छापणं बापाचं, टाका बापाचा. ताई म्हणते, जन्मात एक वस्तू धड करून दाखवा. बारशाला ती घेऊन या, म्हणजे आम्ही दोघी त्याच दिवशी तुमच्या घरी येऊ. नाहीतर आम्ही इथंच बऱ्या."

"आणि?"

"आणि काय? नाही जमलं तरी चालेल, दाजी. आम्हाला काही घाई नाही." हे शेवटचं सर्जेरावानं पदरचं घातलं.

गुणाजीनं लेकीचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. सर्जेराव गेल्यावर तो मुसमुसत आईपाशी जाऊन बसला.

"गुणा, रडू नको," गोजराबाई म्हणाली. "मला दिसत नसलं तरी हातांना सगळं ठाऊक आहे. मी सांगते तसं तू कर."

आता ही गोष्ट म्हातारीनं पोटच्या पोराला सांगायला नको होती. पण आईची माया आंधळीच असते म्हणतात, आणि इथं तर आईही.

"नक्षी कसली काढू?"

"तुझ्या बापानं मोर काढला. तू तुझ्या मनात असेल ते काढ."

दुपारची वेळ होती. जेवण व्हायचं होतं. गुणाजीच्या मनात भाकरी होती.

तो भाकरी घेऊन देवबा सुताराकडे गेला. देवबानं सागाचा ठोकळा दिला, पटाशी दिली आणि वर एक शिकवणही दिली. "एक ध्यानात ठेव, गुणाजी. लाकडावर उलटं कोरायचं, तेव्हा कापडावर सुलटं उमटतं."

गुणाजीनं भाकरी समोर ठेवली. खूप विचार केला. मग भाकरी उलटली आणि दुसरी बाजू कोरायला घेतली.

"भाकरी का उलटलीस रे?"

"तुम्हीच म्हणालात."

"अरे, मोर असता तर त्याचं तोंड फिरलं असतं. गोल भाकरीला उलटं काय न् सुलटं काय? तिला तोंड असतं का?"

"नसतं," गुणाजी म्हणाला. "ती आपल्याच तोंडात जाते."

देवबानं चाळीस वर्षं लाकडात काढली होती. तो पुन्हा आपल्या लाकडाकडे वळला. ते निदान मधे बोलत नव्हतं.

ठसा कोरायला पंधरा दिवस गेले, पण झाला मात्र झकास. गोल, कडेला जराशी चीर, मधे करपल्याचा डाग. कुणी पाहिला असता तर कालवण मागितलं असतं. गुणाजी खूश झाला. उलटं केलं की सुलटं येतं, ही शिकवण विसरू नये म्हणून त्यानं उपरण्याला एक गाठ मारली आणि म्हणाला, "आता नाही चुकायचो."

घरी म्हातारीनं पंधरा दिवसांपासून एका मडक्यात काळा रंग मुरत घातला होता. गंजके खिळे, बैलांचे जुने नाल, गूळ आणि पाणी. ती ओट्यावरून म्हणाली, "गुणा, मडकं इकडं आण आणि माझ्यापुढं सुलटं ठेव. थेंब सांडायला नको."

सुलटं यायला हवं तर आधी उलटं करायला हवं. गाठ तर ताजीच होती. गुणाजीनं मडकं उलटं केलं.

"काय सांडलं रे?"

"अजून काही नाही, आई. आत्ता सुलटं होईल."

निम्मा रंग अंगण प्यायलं. निम्म्यावर गुणाजीला शंका आली, म्हणून उरलेला वाचला. गुणाजीला शंका येणं ही काही रोजची गोष्ट नव्हे.

"मेल्या, ठशाची गोष्ट ठशापाशी!" म्हातारी कपाळ बडवत म्हणाली. "आता उरलेल्यात पाणी घाल आणि चार मोठे खडे गूळ टाक, दाट होईल. आणि मांजरपाट ओढ्यावर नेऊन धुऊन आण. कोऱ्या कापडाच्या अंगात खळ असते, म्हणून ते ताठ असतं. त्याला आधी पाण्यात बुडवायचं, मग दांडक्यानं बदडायचं. दया करायची नाही. ताठा गेला तरच ते रंग धरतं."

गुणाजीनं दुसरी गाठ मारली. "आता नाही चुकायचो."

कापड त्यानं छान बदडलं. एवढं काम धड झालं याचं त्याला स्वतःलाच नवल वाटत होतं, तोच ओढ्याच्या पलीकडून सर्जेराव आला. गोधडी कुठवर आली ते पाहायला ताईनं धाडलं होतं. अंगावर नवं कोरं धोतर. खळ इतकी कडक की चालताना धोतर करकर वाजत होतं. डोक्याला पटका, तोही ताठ. मिशा ताठ. मान तर उपजतच ताठ.

"काय दाजी, धुणं चाललंय वाटतं? आमच्याकडं हे बायका करतात."

गुणाजीनं त्याला खालून वर पाहिलं. मग हात धरून ओढ्यात बुडवलं आणि दांडका उचलला.

"दाजी! दाजी! अहो, मी सर्जेराव!"

"ठाऊक आहे. जरा दम धरा, निघतोय ताठा."

आणि खरं सांगायचं तर निघाला. सर्जेराव ओढ्याबाहेर आला तेव्हा असा मऊ झाला होता, की घडी घालून खुंटीला टांगावा. पण जीभ तेवढी कोरीच राहिली होती. "हे सगळं ताईला सांगतो! गोधडी गेली चुलीत! बारशाला या, मग बघतो!"

"सांगा," गुणाजी म्हणाला. "आणि आता तुम्ही रंगही चांगला धराल."

घरी आल्यावर त्यानं आईला कौतुकानं सगळं सांगितलं. म्हातारीनं चाचपत त्याचा कान धरला. मग म्हणाली, "अरे करंट्या, तो येसूचा भाऊ! दारात कुणी आलं की पायांवर पाणी घालावं, कपाळाला गंध लावावं, चांगल्या जागी बसवावं, पोटभर जेवू घालावं. त्यातच आपली शोभा."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" गुणाजी म्हणाला, आणि तिसरी गाठ मारली. "आता नाही चुकायचो."

रंग पक्का बसावा म्हणून कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलं. मग गुणाजी छापायला बसला. ठसा बुडवला, ठेवला, मूठ हाणली. भाकरी उमटली. अशा पाचांच्या आठ ओळी. चाळीस भाकऱ्या, सगळ्या काळ्याकुट्ट. एवढ्या भाकऱ्या करपल्या तर दुसऱ्या घरात भांडण झालं असतं. गुणाजीला मात्र भरून आलं. त्यानं कापड अंगणात पसरलं. मडक्यातला रंग संपला होता, त्याची फिकीर नव्हती. कामही संपलंच होतं.

इतक्यात शेजारच्या अंबूकाकूंची म्हैस दावं तोडून अंगणात आली.

दारात कुणी आलं की काय करायचं ते गुणाजीला आता पाठ होतं. त्यानं तांब्या आणला आणि चारी खुरांवर पाणी घातलं. कपाळाला गंध लावलं. कपाळ मोठं होतं, बरंच लागलं. मग चांगली जागा शोधली. अंगणात त्या कापडाहून चांगली जागा नव्हती.

"कोण आलंय रे, गुणा?" म्हातारीनं विचारलं.

"पाहुणी आहे."

"कोण पाहुणी?"

"नाव नाही सांगितलं. लाजतेय."

"अरे, मग काहीतरी वाढ तिला."

"वाढायला नको. तिनंच घेतलं."

"काय घेतलं?"

"भाकरी."

"बरं केलंस हो, माझ्या राजा," म्हातारी म्हणाली. किती दिवसांनी तिला पोराचा अभिमान वाटला होता.

रंगात गूळ होता. एरवी होता, त्याहून चार खडे जास्त होता. म्हशीनं पहिली ओळ चाटली, दुसरी चाटली, तिसरी चाटली. गुणाजी हात जोडून उभा. "सावकाश होऊ द्या. भाकरीला संकोच करू नका." म्हशीनं मुळीच केला नाही. ढेकर दिली आणि गेली. चाळिसांतल्या अकरा भाकऱ्या उरल्या, त्यांतल्याही तीन उष्ट्या.

म्हातारीनं कापडावर हात फिरवला. हाताला लाळ लागली. मग तिला पाहुणी कोण ते कळलं.

"गुणा," ती म्हणाली, "बारशाला वीस दिवस राहिले. लेक हवी ना तुला घरात? मग ऐक. आता गोधडी पुरी होईपर्यंत कापडाजवळ कुणाला येऊ द्यायचं नाही. कुणी आलं की काठी घ्यायची आणि हाकलायचं."

"लेक हवीय, आई," गुणाजी म्हणाला. चौथी गाठ त्यानं दातांनी आवळली. "आता नाही चुकायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूकाकू आल्या. म्हशीनं केलेला घोटाळा त्यांच्या मनाला लागला होता. म्हणून आळीतल्या चार बायका, सुया आणि दोऱ्याची गुंडी घेऊन आल्या होत्या. पाच जणी बसल्या असत्या तर गोधडी चार दिवसांत उठली असती.

"हाड्! हाड्!" गुणाजी काठी आपटत धावला.

"का रे मेल्या? आम्ही काय गुरं आहोत?"

"काल गुराला 'या' म्हटलं तर आई रागावली. आता कुणालाच म्हणणार नाही. हाड्!"

"बघा गं बायांनो," अंबूकाकू पदर खोचत म्हणाल्या, "माझ्या म्हशीला गंध न् मला काठी! शीव आता तूच. बघू कसा शिवतोस ते."

त्या गेल्या. म्हातारी ओट्यावरून उतरली. मग तिनं खाली चाचपत त्यांची पडलेली सुई शोधली, दोरा गुणाजीकडून ओवून घेतला, आणि त्याचा हात हातात धरून टाका शिकवला. तिची दोन जुनी मऊ लुगडी खाली, मधे बापाचं धोतर, वर भाकऱ्यांचं कापड.

"गोधडीवर मांडी घालून बसायचं. कडेपासून सुरुवात करायची, फेऱ्या घालत घालत आत यायचं. फेरी अर्धी टाकून उठायचं नाही. अखेर मधे वीतभर जागा राहील. तिथं भाकरीचा घास ठेवायचा आणि वरून शिवून टाकायचं. गोधडी उपाशी ठेवू नये, बाबा. उपाशी गोधडी ऊब देत नाही."

गुणाजी गोधडीच्या बरोबर मधोमध बसला. हात लांब करून करून कडेपासून शिवू लागला. एक फेरी, दोन फेऱ्या. बोटं टोचली तरी थांबला नाही. टाके मात्र सरळ आले, एकासारखा एक. वाकडे घाल असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

असे अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी तो शेवटच्या फेरीला आला. मधे वीतभर जागा राहायला हवी होती. मधे गुणाजी राहिला होता.

"आई, मधे माणूस आहे."

"कोण?"

"मी."

"मग ऊठ ना!"

"फेरी अर्धी आहे."

म्हातारी काही बोलायच्या आत त्याला घासाची आठवण झाली. पण एक घास? गोधडी काय पाहुणी नव्हती? पोटभर जेवू घालावं, अशी तिसरी गाठ सांगत होती. त्यानं हात लांबवून शिंक्यावरचं जेवण घेतलं आणि मांडीखालच्या फटीतून आत सरकवलं. दोन भाकऱ्या, झुणका, मिरचीचा ठेचा, वर फोडलेला कांदा. ताकही द्यायचं मनात होतं, पण गोधडीनं मागितलं नाही. मग त्यानं फट शिवून टाकली. गोधडी पुरी झाली. तिच्यात गुणाजीचं अंगावरचं धोतरही शिवून पुरं झालं.

अखेर म्हातारीनं अंबूकाकूंना हाक मारली. काकू कात्री घेऊन आल्या, तोंड फिरवून त्यांनी धोतर कापलं आणि गुणाजीला सोडवलं. धोतराचा गोल तुकडा गोधडीतच राहिला. म्हणजे आता बारा भाकऱ्या झाल्या. अकरा करपलेल्या, एक कच्ची.

म्हातारीनं गोधडीवर हात फिरवला. टाक्यांवर बोटं थांबली. "टाके बापासारखे आहेत रे तुझे," ती म्हणाली. मग बोटं मधल्या उंचवट्यावर आली आणि तिनं पुढं काही विचारलं नाही. या वयात फार विचारू नये.

बारशाच्या दिवशी गुणाजी गोधडी खांद्यावर टाकून दोन कोस चालत सासुरवाडीला गेला. सर्जेराव त्याला पाहून बैलांच्या आड झाला. सासूनं मात्र दारातच अडवलं.

"या जावईबापू. बघू तरी, काय दिवे लावलेत ते."

गोधडी बायकांच्या मधे पसरली गेली.

"हे काय? पापड?"

"भाकरी."

"अन् बाकीच्या जागी हे डाग कसले?"

"तिथल्या म्हशीनं खाल्ल्या."

"आणि हा कांद्याचा वास?"

"जेवून आलीय ती," गुणाजी म्हणाला.

बायकांनी पदर तोंडाला लावले. सासूनं कपाळाला हात लावला. येसू कोपऱ्यातून उठून आली, खाली बसली आणि गोधडीच्या कडेवरून बोट फिरवू लागली. कडेपासून मध्यापर्यंत एकही टाका सुटला नव्हता. मग तिनं नवऱ्याच्या बोटांकडे पाहिलं. सगळी टोचून टोचून काळी पडली होती.

"सगळे टाके तुम्हीच घातलेत?"

"होय."

"अन् नक्षी?"

"माझीच. आई म्हणाली, मनात असेल ते काढ."

येसूच्या ओठाचं एक टोक हललं. "पाळण्यात घाला ही," ती बायकांना म्हणाली.

"अगं, याला धड म्हणायचं?" सासू ओरडली.

"ऊब आहे," येसू म्हणाली, आणि आपलं बोचकं बांधायला आत गेली.

बारशाला पाळण्यात लेकराशेजारी वरवंटा निजवायची रीत. लेकरू तसंच टणक व्हावं म्हणून. त्या दगडाला न्हाऊ घालतात, काजळाचं बोट लावतात, कुंची घालतात. तसा तो नटवला, गुणाजीच्या गोधडीत गुंडाळला आणि पाळण्यात ठेवला. शेजारी लेक. बायकांनी पाळणा म्हटला, कानात कुर्र केलं, नाव ठेवलं हौसा. हौसाला नाव पसंत पडलं नसावं. तिनं असा टाहो फोडला की बैल बिथरले.

गुणाजी पहिल्यांदाच पाळण्याजवळ आला आणि रडणाऱ्या लेकीला दंडाला धरून उचलायला लागला.

"अहो, अहो, जावईबापू!" सासूनं त्याचा हात झटकला. "रडतं लेकरू असं उचलू नये, दचकतं. शांत असेल तेव्हा उचलावं. मानेखाली हात धरावा, ऊन लागू देऊ नये. घेतलं की सरळ घरी न्यावं, वाटेत कुठं थांबू नये. नजर लागते."

उपरण्यात आता जागा नव्हती. गुणाजीनं ही गाठ करगोट्याला मारली. "आता नाही चुकायचो."

मंडळी जेवायला उठली. घुगऱ्या वाटल्या गेल्या. गाडी जुंपून दारात उभी राहिली. येसू परसातून म्हणाली, "अहो, लेकीला आणा गाडीपाशी. मी आलेच."

गुणाजी पाळण्याशी गेला. पाळण्यात दोघी होत्या. एक लालबुंद होऊन हातपाय झाडत होती. दुसरी सकाळपासून शांत होती. हूं नाही की चूं नाही.

"शहाणी गं माझी बाय," तो म्हणाला. मानेखाली हात घालून त्यानं शांत होती तिला गोधडीसकट उचललं. दारात गाडी होती. पण गाडी वाटेतच होती, आणि वाटेत कुठं थांबायचं नव्हतं. गुणाजी सरळ पुढं गेला. सर्जेरावानं त्याला पाहिलं, पण हातात दांडका नाही ना, एवढंच पाहिलं.

भर उन्हात गुणाजी चालत होता. उपरणं स्वतःच्या डोक्यावर न घेता त्यानं गोधडीवर धरलं होतं. वाटेत गवताचा भारा घेतलेली एक बाई भेटली.

"लेक का रे दादा? बघू जरा."

"थांबायचं नाहीये, बाई."

"अरे, तुझ्या पायातून रक्त येतंय. काटा तरी काढ."

"घरी काढतो. हिला ऊन लागेल."

"जड दिसतेय."

"आजोळचं खाणं आहे," गुणाजी म्हणाला आणि पुढं गेला.

घरी येऊन त्यानं गोधडी आईच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं हात पदराला पुसले. ती आधी गोधडीवरून हात फिरवत गेली, मग कुंचीवरून, मग आत. नाक शोधलं. कान शोधले. मग बोटाच्या पेरानं हळूच टकटक केलं.

"गुणा."

"काय, आई?"

"हिला नाक नाही रे."

"येईल हळूहळू. सव्वा महिन्याची तर आहे."

म्हातारीनं पुन्हा एकदा टकटक केलं. मग म्हणाली, "डोकं मात्र अगदी तुझं आहे हो."

"सगळे तेच म्हणणार बघ," गुणाजी म्हणाला. आनंदानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं गोधडी परत आपल्या मांडीवर घेतली आणि झुलवू लागला.

तिकडं सासूला चटणी वाटायची होती. वरवंटा सापडेना. मग गोधडी सापडेना. मग जावई सापडेना. पाळण्यात हौसा एकटीच कोकलत होती. सासूनं ओळखलं आणि ती विजयानं म्हणाली, "बघ, येसू! आता जाशील या माणसाच्या घरी?"

"जायलाच पाहिजे," येसू म्हणाली. "वरवंटा आपला आहे."

ती हौसाला घेऊन गाडीत बसली. वाटेत गवतवालीनं गाडीला हात केला आणि पायात काटा घेऊन, उपरणं लेकीवर धरून चाललेल्या एका बापाची गोष्ट सांगितली. म्हणाली, "असा बाप बघितला नाही गं." येसू सर्जेरावाला म्हणाली, "जरा जोरात हाक."

गाडी दारात थांबली. येसू उतरली. तिनं बोचकं उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवलं आणि रडणाऱ्या लेकीला छातीशी धरून नवऱ्यासमोर उभी राहिली.

गुणाजीनं मान वर केली नाही. मांडी हलवत हलवत त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "शू! अहो बाई, तुमचं लेकरू जरा बाहेर न्या. आमचीचा आत्ताच डोळा लागलाय."